तुकड्यांतून टिश्यूचे पाकीट : माप, बेतणी आणि शिलाई

सांगलीत हरभट रोड, मारुती रोडच्या आसपास ब्लाउज शिवणाऱ्या कोणत्याही बाईंच्या मशीनखाली दिवसअखेर कापडाच्या तुकड्यांचा ढीग साचलेला असतो. त्यातले मोठे तुकडे वाकळेच्या ठिगळांना जातात, कारण आपल्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात आणि अजूनही बऱ्याच घरांत ती शिवली जाते; पण तळहाताएवढे, वाकळेलाही अपुरे पडणारे तुकडे शेवटी कचऱ्यातच जातात. अशा तुकड्यांतून पर्समध्ये ठेवायच्या टिश्यूच्या लहान पुड्यासाठी कापडी पाकीट शिवता येते. एस.टी.च्या प्रवासात पुड्याचे चिकट झाकण एकदा उघडले की पुन्हा नीट चिकटत नाही, वरचे कागद चुरगळतात आणि पर्समधील धूळ त्यांना लागते; कापडी पाकीट ही अडचण चांगल्या प्रकारे दूर करते.

नव्याने शिवण शिकणाऱ्या व्यक्तीने परकर किंवा उशीच्या अभ्र्याऐवजी या पाकिटापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. सरळ टीप, पालटणे (उलट बाजूने शिवून सुलटे करणे), दाबटीप (शिवलेल्या कडेजवळ वरून मारलेली टीप) आणि कोपरा काढणे या चारही गोष्टी यात येतात, प्रत्येक टीप सहा-सात इंचांपेक्षा लांब नसते, आणि चुकले तर उसवून पुन्हा शिवण्यास दहा मिनिटे पुरतात. पहिल्या पाकिटाला तास-दीड तास लागेल असे धरून चालावे.

पुढील मजकुरात टिश्यूच्या विकत मिळणाऱ्या पुडक्याला ‘पुडा’ आणि आपण शिवतो त्या वस्तूला ‘पाकीट’ म्हटले आहे. मापे इंचांत दिली आहेत, कारण आपल्याकडे शिवणकामात इंच आणि सूत हेच चालते. एका इंचाची आठ सुते, म्हणजे पाव इंच म्हणजे दोन सूत.

माप पुड्याचे घ्यावे

या कामात सर्वांत जास्त चुका मापात होतात, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. बाजारात मिळणारे पुडे सारखे नसतात. काही जाड आणि अरुंद असतात, तर काही पातळ आणि रुंद. दुसऱ्याने दिलेल्या तयार मापावरून कापड कापले तर ते त्या व्यक्तीच्या पुड्याला बसते, आपल्या पुड्याला बसेलच असे नाही. काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून देण्यासाठी मी एका मैत्रिणीच्या कागदी नमुन्यावरून चोवीस पाकिटे एकाच वेळी बेतली, आणि नंतर आणलेले पुडे जाड निघाले. पाकिटाचे तोंड अर्धा इंच उघडे राहू लागले. प्रत्येक तोंडाला जुन्या साडीच्या काठाची पट्टी जोडून मला ती वाचवावी लागली, आणि त्या जोडकामात तीन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून न उघडलेला, पूर्ण भरलेला पुडा हातात घेऊन मोजल्याशिवाय मी कात्री उचलत नाही.

मोजण्याची रीत अशी. पुडा आडवा ठेवून त्याची लांबी आणि जाडी मोजावी. त्यानंतर मोजपट्टी पुड्याच्या कमरेभोवती, म्हणजे रुंदीच्या दिशेने, एक वेढा देऊन घेर मोजावा. पट्टी ओढून घट्ट करू नये आणि सैलही सोडू नये. आता कापडाच्या दोन बाजू ठरतात. घेरात अर्धा इंच मिळवला की कापडाची पहिली बाजू मिळते. हा अर्धा इंच म्हणजे दोन्ही कडांना दोन-दोन सूत माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेले कापड. लांबी आणि जाडी यांच्या बेरजेत अर्धा इंच मिळवला की दुसरी बाजू मिळते.

उदाहरणार्थ, पुडा सव्वाचार इंच लांब, सव्वादोन इंच रुंद आणि एक इंच जाड असेल, तर त्याचा घेर साडेसहा इंच येतो. म्हणून कापडाची पहिली बाजू ७ इंच, आणि सव्वाचार अधिक एक अधिक अर्धा अशी दुसरी बाजू पावणेसहा इंच. आता तेवढ्याच लांबीचा, पण तीन इंच रुंद आणि अर्धा इंच जाड असा पातळ पुडा घेतला, तर घेर ७ इंच होऊन पहिली बाजू साडेसात इंच होते आणि दुसरी मात्र सव्वापाच इंचांवर येते. म्हणजे पुडा पातळ झाला की कापड एका दिशेने वाढते आणि दुसऱ्या दिशेने कमी होते. डोळ्यांच्या अंदाजाने कापणारे इथेच फसतात. पुढे सर्वत्र ७ इंच आणि पावणेसहा इंच हेच माप धरले आहे. वाचकांनी त्या जागी आपले माप घ्यावे.

हे माप वरच्या कापडाचे. अस्तरही त्याच मापाचे घ्यावे, फक्त ७ इंचांच्या बाजूला ते एक सूत कमी कापावे. असे केल्याने पालटल्यावर वरचे कापड तोंडाच्या कडेवरून किंचित आत वळते आणि अस्तर बाहेर डोकावत नाही.

कापडाची निवड

सुती पॉपलीन, केंब्रिक, ब्लाउजच्या अस्तरासाठी वापरतात ते टूबायटू, जुन्या शर्टाची पाठ, नरम झालेली सुती साडी हे सर्व नवशिक्यासाठी योग्य आहे, कारण असे कापड मशीनखाली सरकत नाही आणि इस्त्रीने घडी धरते. इचलकरंजी आणि विटा या मागांच्या गावांमुळे आपल्या भागात साधे सुती कापड सहज मिळते, त्यामुळे अस्तराचा प्रश्न कधी पडत नाही. जॉर्जेट, शिफॉन आणि होजियरी मात्र पहिल्या काही पाकिटांपुरते बाजूला ठेवावे. ही कापडे ताणली जातात किंवा निसटतात आणि चूक आपली की कापडाची हेच नवशिक्याला कळत नाही. जीन्सचे कापड वरच्या बाजूला चालेल, पण तोंडाशी एकावर एक सहा पदर येतात आणि घरगुती मशीनची सुई तिथे अडते.

खणाविषयी वेगळे सांगावेसे वाटते. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा खण सांगली-मिरजेच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला आहे, आणि चोळीच्या किंवा ब्लाउजच्या बेतणीतून उरलेला त्याचा तुकडा या पाकिटाला फार शोभतो. मात्र खणाच्या कापलेल्या कडेची सुते लगेच निघू लागतात. म्हणून खण वापरताना मायेसाठी दोन सुतांऐवजी तीन सूत धरावे, म्हणजेच दोन्ही बाजूंचे माप पाव इंचाने वाढवावे, आणि कापल्यावर तो फार हाताळू नये. अस्तराचे मापही तितकेच वाढवावे. जरी किंवा रेशीम असलेल्या तुकड्यावर गरम इस्त्री थेट फिरवू नये. वर सुती रुमाल ठेवून कमी उष्णतेवर दाबावे.

तुकडे कितीही लहान असले तरी ते आधी धुऊन वाळवावेत. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. वरचे कापड आटले आणि अस्तर आटले नाही, तर तयार पाकीट वेडेवाकडे होते. गडद तुकड्याचा रंग जातो का हे पाहण्यासाठी पांढरा कपडा ओला करून त्यावर घासावा. कपड्याला रंग लागला तर तो तुकडा दुसऱ्या कामाला ठेवावा, कारण या पाकिटातील कागद आपण तोंड पुसायला वापरणार आहोत आणि घामाच्या हातातही हे पाकीट राहणार आहे.

तुकडे जोडून कापड करणे

७ इंचांचा सलग तुकडा नसेल तर चार अरुंद पट्ट्या जोडून तो तयार करता येतो. प्रत्येक पट्टी सव्वादोन इंच रुंद आणि सहा इंच लांब कापावी. एका जोडाला दोन्ही पट्ट्यांची दोन-दोन सूत माया जाते, म्हणजे अर्धा इंच खर्च होतो. चार पट्ट्यांचे नऊ इंच होतात, तीन जोडांत दीड इंच जातो आणि साडेसात इंच उरतात. त्यातून ७ आणि पावणेसहाचा तुकडा काटकोनात कापून घ्यावा. प्रत्येक जोड शिवल्याबरोबर इस्त्री करून माया एकाच बाजूला दाबावी. पट्ट्यांचे जोड पावणेसहा इंचांच्या बाजूला समांतर राहतील असे पाहावे, म्हणजे ते तोंडाला समांतर येतात आणि तोंडाच्या कडेवर आडवा जोड येऊन ती जाड होत नाही.

सलग तुकड्यावर वेलबुट्टी असेल तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. ७ इंचांच्या बाजूचा मध्य पाकिटाच्या पाठीवर जातो, आणि दोन्ही टोकांकडची दीड-पावणेदोन इंच कापडे पुढे येऊन तोंड तयार करतात. त्यामुळे सुंदर बुट्टी तुकड्याच्या बरोबर मध्यावर घेतली तर ती मागे जाते आणि पुढून दिसत नाही. कागदाचा तुकडा त्याच मापात कापून, दोन्ही कडा मध्यावर आणून घडी घातली, तर कोणता भाग कुठे येतो हे क्षणात कळते. इरकलीचा किंवा कोणत्याही साडीचा अरुंद काठ वापरायचा असेल तर तो याच दोन कडांशी, कडेपासून दोन सूत माया सोडून घ्यावा.

बेतणी

कापडाला इस्त्री करून ते सपाट पसरावे. कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर रेघ मारूनच माप आखावे. तिरपे कापलेले कापड ताणले जाते आणि पाकिटाचे तोंड लाटेसारखे दिसते. काठ नसलेल्या तुकड्यात उभा धागा ओळखण्यासाठी दोन्ही दिशांनी कापड हलके ओढून पाहावे. ज्या दिशेने ते कमी ताणले जाते तो बहुधा उभा धागा. शंका राहिलीच तर कडेचा एखादा धागा ओढून काढावा, त्याच्या जागी सरळ रेघ दिसते. आखणी टेलरच्या खडूने आणि शाळेतल्या गुण्याने करावी, म्हणजे कोपरे काटकोनात येतात.

पहिल्या दोन टिपा

सुती कापडाला १४ नंबरची सुई पुरते. खण किंवा जाड कापड असेल तर १६ नंबरची लावावी. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर, म्हणजे एका इंचात साधारण दहा टाके ठेवावेत. आधी दोन चिंध्या एकावर एक ठेवून टीप मारून पाहावी, आणि वरचा व खालचा दोरा सारखा बसल्यावरच खऱ्या कापडाला हात लावावा.

वरचे कापड आणि अस्तर यांच्या सुलट्या बाजू एकमेकींना लागतील असे ठेवावे. पावणेसहा इंचांच्या दोन्ही कडा बरोबर जुळवून टाचण्या लावाव्यात. अस्तर एक सूत कमी असल्याने मधोमध वरचे कापड किंचित फुगेल, ते तसेच असू द्यावे. या दोन कडा दोन सूत मायेने शिवाव्यात. टीप सुरू करताना आणि संपवताना दोन-तीन टाके उलट दिशेने मारावेत. उलट टिपेची सोय नसलेल्या जुन्या पायमशीनवर सुई कापडात ठेवून तिच्याजवळची, कापड दाबणारी पायपट्टी उचलावी, कापड फिरवावे आणि तेवढेच टाके परत यावेत. ७ इंचांच्या बाजू या वेळी मोकळ्याच राहतात.

हाताने शिवणाऱ्यांनी येथे साधा धावदोरा घालू नये, तो ओढला जातो. प्रत्येक टाका अर्धा मागे घेऊन घालायची हाताची टीप वापरावी आणि इंचाला सात-आठ टाके धरावेत.

आता उघड्या बाजूतून पाकीट सुलटे करावे आणि दोन्ही शिवलेल्या कडांना इस्त्री करावी. कड दोन बोटांच्या चिमटीत किंचित मळली की शिवण बाहेर येते. वरचे कापड किंचित आत वळलेले दिसले की तशीच दाबून इस्त्री फिरवावी. ही इस्त्री टाळण्याचा मोह अनेकांना होतो, पण तोंडाची कड पुढे कितीही काळजीने शिवली तरी या टप्प्यावर न दाबलेली कड जाड आणि गोल राहते. त्यानंतर दोन्ही कडांपासून एक सूत अंतरावर वरून दाबटीप मारावी. रंगसंगती जुळवलेला किंवा मुद्दाम उठून दिसणारा दोरा येथे वापरता येतो, कारण तयार पाकिटावर हीच टीप दिसते.

घडी आणि बाजूच्या टिपा

कापड टेबलावर असे ठेवावे की वरच्या कापडाची सुलटी बाजू वर येईल आणि दाबटीप मारलेल्या दोन्ही कडा डावी-उजवीकडे राहतील. दोन्ही कडा मध्याकडे दुमडून एकमेकींना नुसत्या भिडवाव्यात. त्या एकमेकींवर चढू नयेत आणि त्यांच्यात फटही राहू नये. मध्य बरोबर येण्यासाठी कापड आधी अर्ध्यात दुमडून नखाने खूण करावी आणि दोन्ही कडा त्या खुणेवर आणाव्यात. आता सुलटी बाजू आत गेली असून अस्तर बाहेर दिसते. नवशिक्याला हे उलटे वाटते, परंतु शेवटी आपण हे पालटणार आहोत. कडा एकमेकींवर चढवल्या तर कागद काढताना तो अडकून फाटतो. भरलेला पुडा घातल्यावर तोंड सुतभर उघडे राहते, आणि कागद सहज निघण्यासाठी ते तसे असणेच बरे.

तोंडाच्या दोन्ही टोकांना, जिथे कडा भिडतात तिथे, कच्चा टाका घालून त्या पक्क्या कराव्यात. मग वरची आणि खालची उघडी बाजू दोन सूत मायेने शिवावी. तोंड जिथे या टिपेखाली येते, तिथे मशीन पायाने न चालवता चाक हाताने फिरवून सावकाश पुढे जावे. पदर सहा होतात आणि वेगाने गेले तर सुई वाकते किंवा तुटते. त्याच जागी टीप दोनदा मागे-पुढे न्यावी, कारण कागद ओढताना सर्व ताण तिथे येतो. मी शिवलेली जी पाकिटे पुढे उसवली, ती जवळजवळ सर्व याच दोन ठिकाणी उसवली.

कापलेली कड पक्की करणे आवश्यक आहे, नाही तर आतली सुटी सुते कागदाबरोबर बाहेर येतात. मशीनवर नागमोडी टाका असेल तर तो पुरेसा आहे. नसेल तर पिको-फॉलच्या दुकानात इंटरलॉक करून घ्यावे. पाच-दहा पाकिटे एकदम नेली तर ते दुकानदारालाही सोयीचे पडते. हाताने शिवताना कडेवरून जवळजवळ तिरपे टाके घालावेत. खणाला मात्र मी गोटच लावते. अस्तराच्याच कापडाची सव्वा इंच रुंद पट्टी कडेवर बसवायची असते, आणि ही कड सरळ असल्याने तिच्यासाठी उरेप, म्हणजे तिरपी, पट्टी कापण्याची गरज नाही. साध्या पट्टीने कापडही वाचते.

कोपरे आणि पालटणे

पातळ पुड्यासाठी कोपरे काढले नाहीत तरी चालते. एक इंच जाडीच्या पुड्यासाठी मात्र ते काढावेत, म्हणजे पाकीट पेटीसारखे बसते. पाकीट अजून उलटे असतानाच एक कोपरा बोटांनी उघडून असा सपाट करावा की बाजूची शिवण आणि पाठ-पोटामधली घडी एकमेकींवर येतील आणि टोकाला त्रिकोण तयार होईल. टोकापासून अर्धा इंच आत, शिवणीला काटकोनात रेघ मारावी. तिथे त्रिकोणाची रुंदी एक इंच, म्हणजे पुड्याच्या जाडीएवढी भरते. त्या रेघेवर टीप मारावी. चारही कोपरे असे करावेत. त्रिकोण कापून टाकू नयेत. ते आत राहिले तर कोपऱ्याला आधार देतात.

शेवटी तोंडातून पाकीट सुलटे करावे. कोपरे बाहेर काढण्यासाठी विणकामाची बोथट सुई किंवा पेन्सिलीची मागची बाजू वापरावी. कात्रीचे टोक घालू नये, त्याने नेमका कोपराच फाटतो.

वाणासाठी अनेक पाकिटे शिवताना

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवासाठी पंचवीस-तीस पाकिटे लागत असतील, तर वरचे कापड तुकड्यांचे घ्यावे आणि अस्तर तेवढे विकत घ्यावे. ३६ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, एक मीटर कापडात, पन्ह्याच्या दिशेने पावणेसहा इंचांचे सहा आणि लांबीच्या दिशेने ७ इंचांचे पाच असे ३० तुकडे बसतात. धुतल्यानंतर पन्हा साडेचौतीस इंचांपेक्षा कमी तर झाला नाही ना, हे मोजून मगच आखावे. शिवताना एक पाकीट पूर्ण करून दुसरे घेण्याऐवजी सर्वांच्या पहिल्या टिपा एकामागून एक, मधला दोरा न तोडता माराव्यात आणि नंतर कापून सुट्या कराव्यात. मग सर्वांना एकत्र इस्त्री, मग सर्वांच्या दाबटिपा. मात्र त्या गठ्ठ्यातले एक पाकीट आधी शेवटपर्यंत शिवून त्यात पुडा बसवून पाहावा.

पुडा घालताना त्याच्या झाकणाची बाजू पाकिटाच्या तोंडाकडे ठेवावी, आधी एक टोक तोंडाखाली पूर्ण सरकवावे, पाकीट किंचित वाकवून दुसरे टोक आत घ्यावे, आणि त्यानंतरच प्लॅस्टिकचे झाकण उघडून पहिला कागद तोंडातून थोडा बाहेर काढून ठेवावा. वापरलेला कागद या पाकिटात परत घालू नये. पाकीट धुताना पुडा काढून घ्यावा, पाकीट उलटे करून साध्या साबणाच्या पाण्यात धुवावे, सावलीत वाळवावे, आणि पुन्हा भरण्यापूर्वी तोंडाच्या दोन्ही कडांवरून एकदा इस्त्री फिरवावी.